देवरूखजवळची साडेआठ एकर, रान तोडायला द्यायचं नाहीये. गावातल्या लोकांना सोबत घेऊन मिश्र झाडांचं काही उभं करता येईल का?

ठाण्याचा_चाकरमानी:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

देवरूखच्या पुढे घाटाच्या पायथ्याला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, साधारण साडेआठ एकर. सातबारा सामायिक, वडील, दोन काका आणि आत्या अशी नावं. आम्ही सगळे ठाणे-डोंबिवलीकडे, गावाला फक्त धाकटे काका-काकू. खालच्या अंगाला थोडी भाताची मळी आहे ती आता पडीकच, मधल्या उतारावर रान आणि वर टोकाला सडा (उघडं कातळाचं पठार). रान आजोबांच्या काळात एकदा साफ तोडलेलं होतं, ते आता परत दाट झालंय, ऐन, किंजळ, थोडा साग, पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला दोन-तीन मोठाले बेहडे.

आता एक लाकूड व्यापारी काकांच्या मागे लागलाय. उक्ता सौदा, सगळं रान मोकळं करून देणार, पैसे रोख. आजूबाजूच्या दोघांनी दिलं पण, तिथे सध्या नुसती खुंटं आणि लाल माती दिसते. लाकूड बहुतेक घाटावर वीटभट्ट्या नि बॉयलरला जातं असं काका म्हणाले. मावसभाऊ म्हणतो तोड देऊन टाका, मग जेसीबी फिरवून काजूची कलमं लावा, निदान दरवर्षी चार पैसे दिसतील. काकांना पण रान गेलेलं नकोय, पण त्यांचं वय झालंय आणि पैशाची गरज खरी आहे, ती मी नाकारत नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की रान ठेवायचं, त्यात कामाची झाडं वाढवायची, एकाच जातीची नाही तर मिश्र, आणि वाडीतल्या तीन-चार शेतकरी घरांना भागीदार करून घ्यायचं, कारण आम्ही मुंबईत बसून काही राखू शकत नाही. तीच घरं आत्ता आमच्या रानातून कवळ (भाताच्या रोपांची जागा भाजायला लागणाऱ्या पाल्याच्या फांद्या) तोडतात, सरपण नेतात, गुरं सोडतात. त्यांना बंद करायचं मनात नाही.

तर कोणती झाडं, किती अंतरावर, मियावाकी (खूप दाट लागवडीची पद्धत) करू का, भागीदारीचा कागद कसा करायचा, आणि कायद्याने पुढे काही तोडता येतं की नाही, या सगळ्याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

पऱ्याकाठचा:
पहिलं म्हणजे व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगा आणि काकांना ते आज सांगायला सांगा, कारण ही लोकं एकदा अ‍ॅडव्हान्स हातात ठेवून गेली की मग सोडवणं कठीण जातं.

मी संगमेश्वर तालुक्यातलाच, आमचं पण असंच दोनदा तोडलेलं रान होतं. तुम्ही "लावायचं काय" विचारताय पण माझं म्हणणं असं की पहिली दोन वर्षं काहीही लावू नका. तुमच्या जमिनीत जंगल आहेच. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा ही झाडं तोडली तरी खुंटातून फुटतात, आणि जमिनीखाली जी मुळं आहेत ती आजोबांच्या आधीची आहेत. नर्सरीतलं वीतभर रोप उन्हाळ्यात जगेल की नाही याची काळजी करत बसावं लागतं, खुंटाच्या फुटव्याला पाणी घालावं लागत नाही.

काम काय करायचं ते सांगतो. पावसाळा संपून थंडी पडली की काकांबरोबर आणि वाडीतल्या जाणत्या माणसाबरोबर रानात फिरा. एकेका जुन्या खुंटावर आठ-आठ दहा-दहा फुटवे उभे असतात, सगळे काठीएवढे, एकमेकांच्या उजेडात. त्यातले दोन ठेवायचे, आणि कुठले दोन तर जे खुंटाच्या अगदी बुडाशी, मातीला लागून फुटलेत ते. वरच्या तोंडाला फुटलेला फुटवा कितीही जाड दिसला तरी तो ठेवू नका, तो खुंट कुजला की वाऱ्यात फाटून पडतो. ठेवायच्या फुटव्याला चुन्याचा पट्टा मारा म्हणजे तोडणाऱ्याची चूक होत नाही. बाकीचे कोयत्याने तिरके छाटा, पाणी साचू नये म्हणून तिरके. जे छाटलं ते त्या घरांचं सरपण, तिथल्या तिथे. बघा, पहिल्याच वर्षी त्यांना तुमच्या रानातून राजरोस, कुणाला न विचारता सरपण मिळालं आणि तुमची झाडं सुटी झाली. ठेवलेले दोन तीन-चार वर्षांत असे उठतात की ओळखू येत नाहीत.

दुसरं काम वणवा. आमच्याकडे रान मरतं ते कुऱ्हाडीपेक्षा वणव्याने जास्त. मोठं झाड वाचतं पण बीपासून आलेली पोरं सगळी जातात, दरवर्षी जातात, म्हणून तुम्हाला रानात म्हातारी झाडं आणि खुंटाचे फुटवे दिसतील पण मधल्या वयाचं बेहड्याचं, बिबळ्याचं झाड सापडणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात गवत वाळायला लागलं की हद्दीने, विशेषतः सड्याच्या बाजूने, जाळरेषा काढायची. आठ-दहा फूट रुंद, गवत कापून, पालापाचोळा ओढून. कापलेलं गवत ज्याची गुरं आहेत त्याला द्या. हे काम मजुरी देऊन वाडीतल्याच लोकांकडून करून घ्या, कारण ज्याने रेषा काढली तो धूर दिसला की धावतो, ठाण्यातून कोण धावणार.

आणि ते बेहडे. व्यापाऱ्याच्या हिशोबात त्याला किंमत शून्य, लाकूड हलकं. पण महाधनेश घरटं करतो ते अशाच जुन्या बेहड्याच्या ढोलीत. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवत राहतो, अख्खा उन्हाळा. असं झाड पडलं तर ती जोडी दुसरीकडे जाते असं नाही, ढोलीचं झाड दुसरीकडे नसतंच. धनेश जी फळं खातो त्यांच्या बिया रानभर पडतात, म्हणजे तुमचा रोपं लावणारा माणूस तोच आहे. तुमचे बेहडे कुणालाही कुठल्याही भावात देऊ नका.

---

वनशास्त्र_दापोली:
वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून शिकलो, आता कामानिमित्त बाहेर असतो, पण कोकणातल्या खाजगी रानांवरच काम केलंय म्हणून थोडं तांत्रिक सांगतो.

मियावाकी नको. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, खोल खणून माती बदलायची, दोन-तीन वर्षं पाणी, हा प्रकार शहरातल्या उजाड प्लॉटसाठी ठीक असेल. साडेआठ एकराला तो खर्च करणं म्हणजे काकांची जमीन विकून काकांच्या जमिनीत झाडं लावणं. थायलंडमध्ये चियांग माई विद्यापीठाची मंडळी 1994 पासून तोडलेल्या डोंगरांवर मिश्र स्थानिक झाडं लावण्यावर काम करतायत, वीस-तीस जाती निवडून, हेक्टरी साधारण 3100 रोपं, पावणेदोन-दोन मीटरवर एक. मूळ कल्पना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. ती पद्धत उत्तम आहे पण तीसुद्धा ते अशा जागी करतात जिथे खुंटं-मुळं फारशी उरलेली नाहीत. जिथे आपोआप येतंय तिथे तेही आधी राखायलाच सांगतात. तुमचं रान दुसऱ्या प्रकारात मोडतं.

तिसऱ्या वर्षी मात्र जिथे खरंच मोकळं आहे तिथे भर घाला. माझा हिशोब असा की प्रत्येक मोकळ्या तुकड्यात उन्हाचं झाड आणि सावलीचं झाड जोडीने जावं. शिवण उन्हात झपाट्याने वाढतं आणि लाकूडही देतं. बिबळा, हेद, शिसव हळू, पण ती तुमच्या नातवंडांची झाडं आहेत. त्यांच्या खाली सावलीत कोकम, वावडिंगाचा वेल, ऐनावर-नाण्यावर काळी मिरी चढवता येते. उघड्या कोरड्या उतारावर खैर चालतो, चिपळूण-सावर्डे भागात काताचे कारखाने असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक आहे, पण खैर चोरीला जातो हे लक्षात ठेवून घराच्या बाजूला लावा. पऱ्याकाठी जांभूळ. कुंपणाला गिरीपुष्प, त्याचा पाला भाताच्या मळीत हिरवळीचं खत म्हणून जातो आणि कवळासाठी ऐनावर येणारा ताण कमी होतो.

मिश्र का, तर एक कारण म्हणजे कीड. नुसत्या सागात एकदा पानं खाणारी अळी आली की ऐन पावसाळ्यात अख्खा प्लॉट निष्पर्ण होतो, आणि नंतर दुसरी येते ती पानांची जाळी करते. चार जातींमध्ये एखादा साग असेल तर अळी आली तरी नुकसान झाडापुरतं. दुसरं म्हणजे माती. आपल्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. सागाच्या मोठ्या पानावरून पडणारा थेंब मोठा होऊन पडतो आणि खाली झुडूप-गवत नसेल तर माती धुऊन नेतो. खाली कारवी, करवंद, कोकम असं काहीतरी असलं की तोच थेंब दोन-तीनदा अडतो. तिसरं, मुळं वेगवेगळ्या खोलीवर जातात, झाडं एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. सड्यावर झाडं लावू नका. कुणी सामाजिक संस्था, कंपनी, शाळा रोपं घेऊन आली तरी सडा द्यायचा नाही. सडा उजाड नाहीये. पावसाळ्यात त्या कातळावर जे फुलतं, तिथल्या खळग्यांत जे पाणी साचतं, टिटव्या-चंडोल अंडी घालतात, ते तिथेच होतं, दुसरीकडे नाही. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाने ऑस्ट्रेलियन बाभळीचे पट्टेच्या पट्टे लावले, खाली जाऊन बघा, जाड पाला पडलेला असतो, तो कुजत नाही, गवताची काडी येत नाही, गुरं तिथे तोंड लावत नाहीत. शिवाय रत्नागिरीतल्या किती सड्यांवर कातळशिल्पं आहेत ते सगळ्यांना माहितीये, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या सड्यावर काही कोरलेलं आहे का ते पण एकदा बघून ठेवा, जेसीबी फिरला की संपलं.

बी स्थानिक घ्या. बेहड्याची फळं थंडीत पडतात, गर काढून बी रात्रभर पाण्यात ठेवून पिशवीत लावा. कोकमाचं बी मात्र ताजंच लावायचं, वाळवून ठेवलं की रुजत नाही.

---

लांजेकर_काजूवाला:
सगळं वाचलं, चांगलं आहे, पण एक विरोधी मत पण असू द्या. बिबळा नातवंडांचा, बेहडा धनेशाचा, मग काकांचं काय? काकांना पुढच्या मे महिन्यात दवाखान्याला पैसे लागले तर ते फुटव्याला चुना मारून मिळणार आहेत का?

आमच्याकडे काजूच्या वेंगुर्ला 4 आणि 7 जातींची कलमं आहेत, सात बाय सात मीटरवर, तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी दिसायला लागते. भाव वर-खाली होतो, थ्रिप्स, टी मॉस्किटो अशी कीड येते, फवारण्या लागतात, मान्य. पण दरवर्षी एप्रिलमध्ये पैसा येतो. कोकणातला माणूस रान का तोडतो तर त्याला रानातून दरवर्षी काही मिळत नाही म्हणून. हे कुणी बोलत नाही, सगळे नुसते पर्यावरण पर्यावरण करतात.

---

पऱ्याकाठचा:
@लांजेकर, तुमचा मुद्दा खराय आणि तो सोडवल्याशिवाय बाकी सगळं पोकळ आहे. मी काजूच्या विरोधात नाहीच. काजू लावा, पण पडीक मळीच्या बांधावर आणि रानाच्या खालच्या मोकळ्या पट्ट्यात, रान कापून नाही. त्यांच्याकडे खाली दीड-दोन एकर तरी मोकळं असणार. तिथे काजू, आणि पऱ्याच्या कडेने, हद्दीने माणगा बांबू. माणगा बिनकाट्याचा, भरीव, सिंधुदुर्गात तर लोकांच्या घरटी बांधावर असतो, चार-पाच वर्षांनी काठ्या निघायला लागतात आणि मग दरवर्षी निघतात. त्याला बी येत नाही, कंदापासूनच लावायचा, म्हणजे कुडाळ-कणकवलीकडून आणावा लागेल. काकांचा मे महिना काजू-बांबूवर आणि रान त्याच्या त्याच्या गतीने, असं वाटून घेतलं की कुणावर जबरदस्ती होत नाही.

आणि रानातून दरवर्षी काही मिळत नाही हे पूर्ण खरं नाही. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन आमच्याच तालुक्यात बरीच वर्षं आहे, देवराया आणि खाजगी रानं न तोडण्याचे करार त्यांनी मालकांशी केलेत, बदल्यात मोबदला. शिवाय बेहडा आणि हिरडा यांची फळं फेअरवाइल्ड या प्रमाणपत्राखाली गोळा करून औषधी कंपन्यांना चांगल्या दराने जातात. अट काय तर फळं ठरलेल्या प्रमाणातच उचलायची, थोडी झाडाखाली ठेवायची, फांद्या तोडायच्या नाहीत आणि झाड उभं राहिलं पाहिजे. भीमाशंकरच्या बाजूला तर महादेव कोळी समाजाची कितीतरी घरं बाळहिरड्यावर (हिरड्याच्या कोवळ्या फळांवर) वर्षाचा किराणा भरतात. ज्या झाडाला लाकडाची किंमत नाही त्याला फळाची किंमत आहे, फक्त एका घराच्या दोन झाडांनी गाडी भरत नाही, वाडी एकत्र यावी लागते.

---

सातबारा_ताई:
कायद्याचं मी सांगते, माझं कामच जमिनीच्या कागदांचं आहे.

सगळ्यात आधी सातबाऱ्यावर इतर हक्कात "खाजगी वन" किंवा "राखीव वन" असली नोंद आहे का ते बघा, आणि जुने फेरफार काढा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला आणि कोकणात कित्येक लोकांना माहितीच नसतं की आपला गट त्यात गेलेला आहे. नोंद असेल तर लाकडाचं सोडाच, तुम्ही ठरवलेलं कुठलंही काम वनखात्याला विचारल्याशिवाय करू नका. ज्यांची एकूण जमीन 12 हेक्टरच्या आत होती त्यांना परत मिळण्याची तरतूद आहे पण त्याला वेगळा अर्ज, वेगळी सुनावणी.

नोंद नसेल आणि जमीन साधी मालकीची असेल तर 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा लागतो. त्यात अनुसूचित झाडांची यादी आहे, साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, बिबळा, हेद, ही सगळी त्यात येतात. यांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आणि माल बाहेर काढायला वाहतूक पास. म्हणजे उद्या तुमचा शिवण-साग तयार झाला तर तोडता येतो, पण सातबाऱ्यावर झाडांची नोंद असलेली बरी. ती नोंद लावतानाच करून घ्या, जात आणि संख्या घालून, वीस वर्षांनी करायला गेलात तर कुणी विश्वास ठेवत नाही. बांबूचं सोपं झालंय, 2017 मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, वनेतर जमिनीवरचा बांबू तोडायला त्या कायद्याचा अडथळा राहिला नाही. तुमच्याकडे लागू नाही पण कुणी सावंतवाडी-दोडामार्गचं वाचत असेल तर तिथे 2013 पासून हायकोर्टाची वृक्षतोडीवर बंदी आहे हे धरून चाला.

आता भागीदारी. तुमचे काका किंवा आत्या बहुधा कुळकायद्याला घाबरतील आणि ती भीती अगदीच खोटी नाही. दुसऱ्याची जमीन कसणारा, जो घरातला नाही आणि मजुरीवर पण नाही, तो कूळ ठरू शकतो, आणि पीकपाहणीला त्याचं नाव लागलं की पुढच्या पिढ्या कोर्टात. म्हणून "अर्धेलीने दिलं" असं तोंडी काही करू नका, ते दोघांनाही घातक आहे, उद्या तुमच्या भावांपैकी कुणी त्या शेतकऱ्याला हाकलू पण शकतो. कागद असा करा की जमीन कसायला दिलेली नाही, जाळरेषा, छाटणी, राखण, रोपं याची मजुरी रोजच्या रोज, आणि त्याव्यतिरिक्त ठराविक झाडांची फळं, सरपण, गवत गोळा करण्याचा हक्क अमुक वर्षांसाठी. शेवटच्या लाकडात त्यांचा वाटा किती टक्के हे पण त्यातच. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, आत्याची सही नक्की, आणि नोंदणी करा. मसुदा तालुक्याच्या चांगल्या वकिलाला दाखवा आणि त्या शेतकऱ्यांनी पण त्यांच्या बाजूने कुणाला तरी दाखवावा, तुमच्याच वकिलावर त्यांनी का विसंबायचं.

---

आगळ_वेंगुर्ला:
मी वेंगुर्ल्याकडची, आमचा महिलांचा बचत गट कोकम करतो, सोलं, आगळ, सरबत. इथे सगळ्या पुरुषांनी लाकूड नि कायद्यावर लिहिलंय (सातबारा ताई सोडून) म्हणून माझी बाजू लिहिते.

रानात दररोज जातं कोण तर बायका. सरपणाला, पाल्याला, कोकमं-करवंदं-जांभळं वेचायला, गुरं बघायला. कुठल्या वहाळाला (ओढ्याला) कुठलं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड गोड, कुठलं आंबट हे त्यांना पाठ असतं. पण करार होतो तो घरातल्या पुरुषाशी आणि मजुरी त्याच्या खात्यात जाते. मग बाईला कळतच नाही की कुठलं झाड राखायचं ठरलंय, ती नेहमीप्रमाणे कोयता घेऊन जाते आणि नंतर बोल तिलाच. तर पहिली बैठक काकांच्या पडवीत घ्या, काकूंना पुढे बसवा आणि त्या तीन-चार घरातल्या बायकांना बोलवा. कवळ कुठल्या झाडाची तोडायची, कुठल्या झाडाला दोन वर्षं हात लावायचा नाही, गुरं कुठल्या अंगाला सोडायची, हे त्यांच्या तोंडून ठरू दे. कवळ एकदम बंद केलीत तर भाताच्या तरव्याची (रोपांची) जागा भाजणार कशाने? बंद केलेलं रान पेटतं, हे कुणी उघड बोलत नाही पण गावात सगळ्यांना माहिती आहे.

कोकमाबद्दल, वर लिहिलंय ते बरोबर पण एक राहिलं. बियांपासून लावलीत तर निम्मी झाडं नर निघतात, सहा-सात वर्षं वाढवून फुलं आली की कळतं. थोडी नर हवीतच पण निम्मी नकोत. म्हणून कलमं घ्या, दापोली विद्यापीठाची कोकण अमृता आहे, ती चांगली येते, आणि मधे मधे बियांची झाडं ठेवा. तुमच्या वाडीतल्या एखाद्या चांगल्या झाडाच्या काड्या घेऊन गावातच कलमं बांधता आली तर फारच उत्तम, आमच्या गटातल्या दोघी प्रशिक्षण घेऊन आल्या आणि आता आजूबाजूच्या गावांना कलमं विकतात. रोपवाटिका हीच पहिल्या दोन वर्षांची कमाई होऊ शकते, जेव्हा रानातून अजून काही येत नसतं तेव्हा.

कोकम पिकतं एप्रिल-मे ला आणि पाऊस लवकर आला की आठवड्यात सगळं खाली सडतं, हा मोठा त्रास आहे. म्हणून झाडं घरापासून फार लांब वरच्या टोकाला लावू नका, वेचायला आणि वाळवायला माणूस पोचला पाहिजे. आणि फळं कच्ची व्यापाऱ्याला देण्यापेक्षा सोलं वाळवून द्या, फरक खूप पडतो.

शक्य असेल तर एक-दोन सुरंगी पण लावा पऱ्याच्या वर. आमच्याकडे मार्चमध्ये पहाटे कळ्या काढायला अख्खी घरं झाडावर असतात आणि वाळवलेल्या कळ्यांना मागणी असते. उशिरा येणारं झाड आहे, पण आपल्या सावलीत आरामात वाढतं.

---

ठाण्याचा_चाकरमानी:
इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. व्यापाऱ्याला काकांनी नाही सांगितलं, काल रात्रीच बोलणं झालं. सातबारा ऑनलाइन काढला, इतर हक्कात वनाची नोंद दिसत नाहीये पण जुने फेरफार तलाठ्याकडून काढणार. मळी आणि खालच्या पट्ट्यात काजू, बांबू, कोकम आणि रानात फक्त राखण-छाटणी, हे काकांना एकदम पटलं.

एक नवीन विषय. आत्याच्या मुलाच्या ओळखीत कुणीतरी कार्बन क्रेडिटवाले (झाडांनी शोषलेला कार्बन मोजून त्याचे दाखले कंपन्यांना विकणारे) आहेत. ते म्हणतात तीस वर्षांचा करार करा, आम्ही झाडं लावून देतो फुकट, वर्षाला एकरी काही रक्कम. घ्यावं का?

---

वनशास्त्र_दापोली:
घाईने सही करू नका. कार्बनचा धंदा वाईटच असं माझं मत नाही, पण विचारायचे प्रश्न आहेत.

ते कुठली झाडं लावणार? कार्बन लवकर मोजता यावा म्हणून बऱ्याच वेळा झटपट वाढणारी एक-दोन जातीच लावतात, आणि त्या लावायला मोकळी जागा हवी म्हणून असलेलं झुडूप साफ करतात. तुमच्या खुंटांचे फुटवे म्हणजे त्यांच्या भाषेत "पडीक" असू शकतं. सडा दिसला तर तोच आधी मागतील, तिथे नाहीच म्हणायचं. मग तीस वर्षांत तुम्हाला विरळणी करता येणार का, कवळ, सरपण, चराई चालू राहणार का? ती बंद झाली तर वाडीशी केलेला तुमचा शब्द मोडला. वणव्यात जळलं तर नुकसान कुणाच्या अंगावर? क्रेडिट कितीला विकलं गेलं हे तुम्हाला कळणार का, आणि त्यातला हिस्सा टक्क्यात आहे की ठराविक रकमेत? तीस वर्षं ठराविक रक्कम म्हणजे शेवटी काहीच नाही.

करार मराठीत मागा. मराठीत देत नसतील तर विषय तिथेच संपला.

मुळात तुमच्या जमिनीवर करायचं काम स्वस्त आहे, कोयता, चुना, जाळरेषा, थोडी कलमं. त्यासाठी तीस वर्षं बांधून घेण्याएवढं कुणाचं भांडवल लागतच नाही. लागवडीचा खर्च हवा असेल तर आधी ग्रामपंचायतीत जाऊन रोजगार हमीतून काजू आणि बांबूच्या लागवडीला काय मिळतंय ते विचारा आणि काकांचं नाव आराखड्यात घालून घ्या, मजुरी पण वाडीतल्याच लोकांना मिळते.

---

सातबारा_ताई:
+1. आणि तीस वर्षांचा कुठलाही करार सामायिक सातबाऱ्यावर सगळ्या हिस्सेदारांच्या सहीशिवाय होऊच शकत नाही, आत्याच्या मुलाला हे सांगा. तोवर वारसनोंदी पूर्ण आहेत का ते बघून घ्या, आजोबांचं नाव अजून असेल तर आधी ते.

---

लांजेकर_काजूवाला:
खालच्या पट्ट्यात काजू लावणार म्हटल्यावर मी पण बोलतो. कलमं जून संपायच्या आत लावा, खड्डे एप्रिलमध्येच काढून तापू द्या, आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिली दोन वर्षं मधल्या जागेत कुळीथ नाहीतर वाली घ्या, गवत पण आवरतं. गुरांसाठी कुंपण गिरीपुष्पाचंच करा, तारेत पैसे घालू नका. सरकारी नर्सरीतून कलमं घ्यायची असतील तर मागणी आधीच नोंदवावी लागते, मे मध्ये गेलात तर संपलेली असतात.

---

पऱ्याकाठचा:
गावी कधी येताय ते इथे टाका, मी येतो फुटव्यांना खुणा करायला. शक्यतो डिसेंबरात या, पानं गळायच्या आधी, म्हणजे कुठला ऐन कुठला किंजळ ते ओळखायला नवीन माणसालाही सोपं जातं. आणि येताना आत्याच्या मुलाला पण आणा, त्याने बेहडे एकदा डोळ्यांनी बघितलेले बरे.